अळूखालचं झाकण

७ जानेवारी २०२६, बुधवार

दहावा झाला. सकाळी साडेसातला गंगेवर पोहोचलो. थंडी कडक होती. गुरुजी आधीच येऊन बसलेले. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, मंगलताईंची काही इच्छा मागे राहिली नव्हती. मलाही तेव्हा बरं वाटलं.

अस्थी इतके दिवस खाली पार्किंगमधल्या कडुनिंबाला फडक्यात बांधून टांगल्या होत्या. रामकुंडात मीच सोडल्या. गुडघाभर पाण्यात उभा होतो. काठाला फेस साचला होता. वास येत होता. बाकीचे नाकाला रुमाल लावून म्हणाले, काय घाण करून ठेवलीय हो लोकांनी! मला तो वास माहीत आहे. आमच्या मागच्या भिंतीजवळ उन्हाळ्यात तोच येतो.

तेवढ्यात अंबूबाई पायऱ्या उतरून आल्या. हिची, म्हणजे मंगलची, धाकटी बहीण, सटाण्याची. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि प्यायल्या. एकदा नाही, तीनदा! मी म्हणालो, "अंबूबाई, नका पिऊ." एवढंच. त्या म्हणाल्या, "गंगानं पाणी शे, दाजी. त्याले काय व्हस!" गंगेच्या पाण्याला काय होणार, असं त्यांचं म्हणणं. मग पिशवीतून पाच लिटरचा कॅन काढून भरला. सटाण्याला भाऊबंदांत वाटायला.

थंडीने त्यांच्या बोटांत जोर नव्हता. झाकण मी लावून दिलं. घट्ट.

८ जानेवारी

लेकीने, सायलीने, हिच्या साड्या काढल्या. मी बाहेर पायऱ्यांवर बसलो.

ही डायरी बँकेची. दर वर्षी यायची आणि ही त्यात गॅस कधी लावला, औषध कधी संपलं, ते लिहायची. यंदाची कोरी आहे.

१० जानेवारी, शनिवार

तेरावं. घर भरलेलं. स्वयंपाकघर अंबूबाईंच्या ताब्यात. मागच्या भिंतीजवळचं अळू त्यांच्या नजरेला पडलं — हात-हातभर पानं, काळे देठ. विळा घेऊन निघाल्या. खालच्या मजल्यावरच्या दीपमालाताई म्हणाल्या, "अहो, ते नका घेऊ, खाजरं आहे. मंगलताई कोणालाच तोडू द्यायच्या नाहीत."

अंबूबाई म्हणाल्या, "मी देखसू ना!"

मोठं पातेलंभर पातळ भाजी झाली. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, आमसूल. कोणाच्याही घशाला काही झालं नाही. अंबूबाई पंगतीत बहिणीचं नाव काढून मोठ्याने म्हणाल्या, "कुठे खाजरं? लोणी शे लोणी! मनी आक्का उगाच घाबरे." आमच्या सोसायटीचा चेअरमन संतोष आहेर याने तीनदा मागून घेतली.

मला वाढली. मी खाल्ली. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

ही इतकी वर्षं अळू बाजारातून आणायची. मी एकदा म्हणालो होतो, दारात एवढं असताना विकतचं कशाला? म्हणाली, "त्याला खाज आहे." मी मान डोलावली होती.

११ जानेवारी

सगळे गेले. सायली पुण्याला, अंबूबाई सकाळच्या एसटीने.

मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.

आमची सोसायटी चोवीस घरांची. गंगापूर रोडच्या आत, आनंदवल्लीच्या अलीकडे. मागे नाला. तो गोदावरीला, आमच्या गंगेला, मिळतो — रामकुंडाच्या वर. बिल्डरने सेप्टिक टँक लहान बांधला आणि निघून गेला. पालिकेची मैल्याची लाईन तेव्हा आमच्यापर्यंत आलेली नव्हती. पावसाळ्यात तळमजल्याच्या बाथरूममधून घाण वर यायची. दीपमालाताईंच्या सासूबाई त्यात घसरून पडल्या होत्या.

साल २००९. मी सेक्रेटरी. सातपूरला कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, म्हणून नकाशा मीच काढला. टँकमधून सहा इंची पाईप, मागच्या भिंतीपर्यंत चौदा फूट, तिथे चेंबर, आणि चेंबरमधून सरळ पावसाळी गटारात. पावसाचं पाणी नाल्यात जातं, त्यात हेही जाईल. गोरक्ष प्लंबरने एका रविवारी काम उरकलं. जाताना म्हणाला, "काका, झाकणावर अळू लावून टाका. ओल दिसत नाही मग." मी लावलं. मीच!

नकाशाच्या कोपऱ्यात मी लिहिलं होतं — 'तात्पुरती व्यवस्था'. अक्षर फार चांगलं आलं होतं. कंपनीत माझ्या लेटरिंगचं सगळे कौतुक करायचे.

पुढे मेन लाईन समोरच्या रस्त्याला आली. जोडणी घ्यायची तर पार्किंग फोडावं लागणार होतं, आणि उतार उलटा असल्यामुळे पंप. मीटिंगमध्ये कोणालाच ते नको होतं. मलाही. २०१७ मध्ये पालिकेचा फॉर्म आला. मलनिस्सारण वाहिनीला जोडणी घेतली आहे काय? मी लिहिलं — होय. खाली सही. पूर्ण नाव.

काम झालं त्या रविवारी हिने विचारलं होतं, "आता हे जातं कुठे?"

मी म्हणालो, "गटारात. तिथून प्लांटला. शुद्ध करतात."

"बरं," म्हणाली. परत कधी विचारलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्षाच्या आत तिळगूळ नाही. दीपमालाताई रिकाम्या हातांनी येऊन पाच मिनिटं बसून गेल्या. चहा मी केला. साखर जास्त झाली.

ही गेली त्याच्या आदल्या दिवशीचा दवाखाना सारखा डोळ्यांसमोर येतो. २८ डिसेंबर. दोन वर्षं डायलिसिस झालं होतं, आता शरीर थकलं, डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलावून घ्या. मी स्कूटर काढली आणि रामकुंडावर गेलो. तांब्याचा लहान गडू भरून आणला. देव्हाऱ्यात गंगेचं पाणी होतं, पण म्हटलं, शेवटचं आहे, ताजं हवं. एक काम तरी नीट करावं.

चमचा ओठांजवळ नेला. शुद्धीत होती. म्हणाली, "कुठलं?"

मी म्हणालो, "रामकुंडाचं. आत्ता आणलंय."

तिने ओठ मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मी रुमालाने पुसलं. नर्स म्हणाली, "गिळता येत नसेल त्यांना, जबरदस्ती नका करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मध्ये सायलीने बर्फाचा खडा दिला होता. तो चोखला म्हणे.

१५ जानेवारी

सायलीचा फोन. बाबा, जेवलात का? हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

१९ जानेवारी, सोमवार

दुपारी बेल वाजली. पालिकेच्या मॅडम. तिशीच्या आतल्या असतील. गळ्यात ओळखपत्र, पायात गमबूट, सोबत दोन माणसं आणि एक पहार. नाव तेजस्विनी गांगुर्डे. सिंहस्थाच्या आधी नाल्यात कोण काय सोडतं ते शोधत फिरताहेत. वॉचमनने सांगितलं, इथले सगळ्यात जुने देवरे काका, त्यांना विचारा. म्हणून माझ्याकडे.

दारातच म्हणाल्या, "काका, पाऊस थांबून तीन महिने झाले. तुमचं पावसाळी गटार मात्र रोज वाहतंय. सकाळी सात ते नऊ तर जोरात! हा कुठला पाऊस?"

मी म्हणालो, "लोक गाड्या धुतात."

"सातच्या थंडीत?"

त्यांनी जास्त ताणलं नाही. आत आल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "वॉचमन सांगत होता, तुम्ही ड्राफ्ट्समन होतात. ड्रेनेजचा जुना नकाशा असेल ना तुमच्याकडे?"

"नाही. रद्दीत गेला असेल."

नकाशाची नळी त्यांच्या समोरच होती. कपाटावर. माझी पाठ कपाटाकडे होती, मी वळलो नाही. त्या कपाटाकडे बघत होत्या की भिंतीकडे, कळलं नाही.

जाताना एक पुडी दिली. हिरव्या रंगाची पावडर, निरुपद्रवी आहे म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी आठला तुमच्या संडासात टाका आणि फ्लश करा. आम्ही नाल्याच्या पुलावर थांबतो. पाणी हिरवं झालं तर जोड आहे. नाही झालं, तर तुमची सोसायटी मोकळी. बस, एवढंच काम."

पुडी चपलांच्या स्टँडवर ठेवली.

आज सोमवार. ही सोमवारी सोमेश्वरला जायची, सिटी बसने. डायलिसिस सुरू होईपर्यंत एक सोमवार चुकवला नाही. तिची कापडी पिशवी अजून दाराच्या खुंटीलाच आहे.

२१ जानेवारी

संतोष येऊन गेला. लासलगावला कांद्याचा व्यापार आहे त्याचा, लिलावावरून परस्पर माझ्याकडेच आला. शर्टाला कांद्याचा वास. माणूस वाईट नाही. हिला दवाखान्यात न्यायला दर वेळी गाडी त्याचीच असायची.

"काका, मॅडमनी पुडी दिली ना तुम्हाला? टाकू नका बरं का."

मी म्हणालो, "त्या परत येतील."

"येऊ द्या. मी बघतो. अहो, आम्ही गोणीत वर चांगला कांदा लावतो, खाली काय आहे ते घेणाऱ्याला बी माहीत असतं! कोणी गोणी उलटी करत नाही. तुम्ही कशाला करता?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"अर्धं गाव सोडतंय नाल्यात. आपल्या चोवीस घरांमुळेच काय गंगा नासली? लय मनाला लावून घेऊ नका. काकू गेल्यापासून तुम्ही असे झालात."

दारापर्यंत गेला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "आणि त्या फॉर्मवर सही माझी नाही, काका. तुमचीये. मी तुमच्यासाठीच बोलतोय."

खरं आहे. पेपरात नाव येईल. कंपनीतले लोक वाचतील. सायलीच्या सासरी वाचतील. चोवीस घरं म्हणतील, यानेच केलं आणि यानेच सांगितलं.

२२ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

आठ वाजले. पुडी हातात घेतली, परत ठेवली. साडेआठला बेल वाजली. मॅडम. आणि माझ्या आधी दारात संतोष! जिन्यातच उभा असणार. म्हणाला, "मॅडम, माफ करा. काकांच्या घरी सुतक आहे. काकू गेल्यात. घरातलं काही करता येत नाही सध्या."

मॅडमची नजर आत गेली. हिचा फोटो, हार, खाली समई. त्या एकदम मागे झाल्या. म्हणाल्या, "काका, मला माहीतच नव्हतं... त्या दिवशी मी तशीच बूट घालून आत आले." हात जोडले, फोटोला.

संतोष म्हणाला, "महिनाभर तरी नको, मॅडम."

"हो, हो. काही घाई नाही. पुडी असू द्या, काका. सवड झाली की मला फोन करा, मी पुलावर थांबेन. पुडी टाकताना कोणी बरोबर लागत नाही." चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

तेरावं होऊन बारा दिवस झालेत. सुतक कधीच फिटलं. मला एवढंच म्हणायचं होतं — सुतक नाही. दोन शब्द. मी खाली मान घालून उभा राहिलो, आणि खाली मान घातल्यामुळे ते आणखी खरं वाटलं.

संतोष नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा, काकूंनी वाचवलं."

फोटोकडे दिवसभर बघितलं नाही. जेवताना पाठ करून बसलो.

२३ जानेवारी

काही नाही.

२४ जानेवारी, शनिवार

अंबूबाईंचा फोन. दोन दिवस पोट बिघडलंय म्हणाल्या. जेवण जड गेलं असेल, वय झालं आता. मी विचारलं, "ते पाणी वाटलं का?"

"बठ्ठासले दिधं!" सगळ्यांना दिलं. थोडं देव्हाऱ्यात ठेवलंय, आलं-गेलं कोणी की पळीभर.

मी म्हणालो, "ते ओतून टाका."

"का बरं?"

"असंच. चांगलं नाही ते."

त्या हसायला लागल्या. "दाजी, तुम्ही बी आक्कासारखंच! तीबी नको म्हणे." मी विचारलं, काय म्हणायची? तर म्हणाल्या, अहो, तिने रामकुंडाचं पाणी घरात आणणं कधीच सोडलं होतं, तुम्हाला माहीत नाही का? पंधरा-सोळा वर्षं झाली. एकदा मी नेत होते तर मला म्हणाली — "खालनं नको ली जाऊ. त्यामा आमना घरनं जास."

खालचं नेऊ नको. त्यात आमच्या घरचं जातं.

"मी तिले हसनू," म्हणाल्या अंबूबाई. "म्हटलं, गंगामा काय नाही जात?"

फोन ठेवला की नाही ते आठवत नाही.

२६ जानेवारी

पार्किंगमध्ये झेंडावंदन. कडुनिंबाच्या फांदीला अजून त्या फडक्याची दोरी आहे. संतोषने भाषण केलं. पुढच्या वर्षी सिंहस्थ, जगभरातून लोक येणार, आपली सोसायटी स्वच्छ सोसायटी. देवरे काकांसारखी ज्येष्ठ माणसं आपल्याला लाभली. टाळ्या वाजल्या. जिलबी वाटली. मी हातात घेतली आणि तशीच घरी आणून ओट्यावर ठेवली. मुंग्या लागल्या.

२७ जानेवारी

साबुदाणा शोधत होतो. ओट्याखालच्या कपाटात, डाळींच्या डब्यांमागे, तीन बाटल्या सापडल्या. काचेच्या, सरबताच्या जुन्या. तोंडाला मेण लावून बंद केलेल्या. पाणी. दोन बाटल्यांना चिकटपट्टी, त्यावर हिचं अक्षर — 'सोमेश्वर. देवाला हेच.' एकावर तारीख २०२२ ची, एकावर २०२३ ची.

तिसरीवर — 'ही वापरायची नाही. ठेवायची.'

सोमेश्वर आमच्या नाल्याच्या वर आहे. नदीच्या वरच्या अंगाला. आमचं तिथे पोहोचत नाही.

दर सोमवारी! मी म्हणायचो, महादेवाचं फार वेड हिला. बस लागते, गुडघे दुखतात, तरी जाते. मित्रांना कौतुकाने सांगायचो. पिशवीत काय असतं ते कधी बघितलं नाही.

बाटल्या पुसून ओट्यावर ठेवल्या. किती वेळ तिथेच उभा होतो, कुणास ठाऊक. कुकरचं झाकण लावायचं राहिलं.

२८ जानेवारी

कपाटावरची नळी काढली. धूळ नव्हती. इतक्या वर्षांची नळी आणि धूळ नाही.

मी नकाशा नेहमी शाईची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतो. तीस वर्षांची सवय आहे, झोपेतही चुकणार नाही. हा उलटा गुंडाळलेला होता. शाई आत.

तिने उघडून बघितला होता. कधी, ते मला कळणार नाही. त्यावर मी बाण काढलेला आहे, तांबड्या शाईने, आणि बाणाच्या टोकाला लिहिलंय — 'नाल्याकडे'. नकाशा समजायला आठवीपर्यंतचं शिक्षण पुरतं. तिचं मॅट्रिक होतं.

एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर! मला खोटारडा म्हणाली असती तर! नुसतं अळू बाजारातून आणायला लागली. आणि पाणी वरून.

२९ जानेवारी

ती मला वाचवत होती की मी सांगेन म्हणून वाट बघत होती? दोन्ही असेल. सोळा वर्षं म्हणजे थोडे दिवस नाहीत.

ओठ का मिटले ते आता माहीत आहे. डाळींच्या डब्यामागे बाटली होती. तिला तेवढंच हवं होतं. "कुठलं?" म्हणून विचारलंसुद्धा होतं.

आणि त्याच पाण्यात मी तिला सोडून आलो. गुडघाभर पाण्यात उभं राहून, वास ओळखू येत असताना.

३१ जानेवारी

सायलीला फोन केला. सगळं सांगायचं ठरवून. "बाबा, बरं वाटतंय ना? आवाज असा का?" म्हटलं, सर्दी आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

संतोषकडे गेलो. पहिल्यांदाच असं कोणाकडे बोलायला गेलो असेन. म्हणालो, "मीटिंग बोलाव. पार्किंग फोडून मेन लाईनला जोडू."

तो आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसू आवरलं. "काका, चोवीस घरांना काय सांगू? सोळा वर्षं काय केलं म्हणून विचारतील."

"मी सांगेन."

"तुम्ही?" म्हणाला. "तुम्ही तर परवा मॅडमसमोर दोन शब्द नाही बोललात."

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच नवल वाटलं होतं. त्याच्या बायकोने चहा आणला. मी प्यायलो आणि उठलो. तो मागून म्हणाला, "सिंहस्थ होऊन जाऊ द्या, मग बघू." २०१५ चा सिंहस्थ होता तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. अगदी हेच शब्द.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तिची पिशवी घेऊन सोमेश्वरला गेलो. बसने. कंडक्टरने विचारलं, आजी आल्या नाहीत दोन वर्षांत? मी 'नाही' म्हणालो. त्याने पिशवी ओळखली होती.

पाणी थोडंच होतं, खडकांतून वाहणारं. तिथे काही सोडायला माझ्याकडे आता उरलं नव्हतं. बसून राहिलो. बाटली भरली नाही. तसाच परत आलो.

दुपारी मागच्या भिंतीजवळ गेलो आणि अळू उपटलं. सगळं. कांदे खोल गेले होते, कुदळ मागावी लागली. हात खाजत होते, कोपरापर्यंत! म्हणजे खाज होती तर. दीपमालाताई खिडकीतून म्हणाल्या, "अहो काका, मंगलताईंचं अळू!" मी म्हणालो, "तिचं नव्हतं. माझं होतं."

माती बाजूला केली. झाकण दिसलं. सिमेंटचं, कडेला माझ्या हाताने कोरलेली तारीख. झाडूने साफ केलं.

नकाशा परत गुंडाळला. शाई आत, तिने ठेवला होता तसाच. मॅडमनी दिलेली चिठ्ठी त्याला लावून ठेवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात पन्नासला मॅडमना फोन केला. म्हणालो, पुलावर थांबा. सुतक त्या दिवशीही नव्हतं. आणि नकाशा माझ्याकडे आहे, मीच काढलेला.

तिसऱ्या बाटलीचं मेण काढलं. चमचाभर पाणी फोटोपुढे ठेवलं.

आठ वाजता पुडी फोडून संडासात टाकली. फ्लश दाबला. टाकी पुन्हा भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग हात धुतले.